पुढे काय?

त्र्यंबक आरोसकर मला कधीच आवडले नाहीत.
हे मी चारचौघांत सांगत आले आहे,
कॉलेजच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत,
एकदा तर त्यांच्याच शोकसभेत,
मागच्या रांगेत, अगदी हळू.

म्हणणं साधं होतं: त्यांच्या पुस्तकात काही घडत नाही.
एक बाई उठते. खिडकीचा पडदा काढते,
धुते, पिळते, वाळत घालते.
तेरा पानं.
चौदाव्या पानावरही पडदा ओलाच.

कुमुद म्हणायची, तू वाचतेस ना,
जिना उतरल्यासारखी वाचतेस.
मी म्हणायचे, आणि तुझे आरोसकर
एकाच पायरीवर बसून आहेत त्याचं काय?
तिच्याकडे उत्तर नसायचं. किंवा असायचं
आणि ती द्यायची नाही.
मोठ्या बहिणी अशाच जिंकतात.

आता मंगळवारी आणि शनिवारी आम्ही परळला असतो.
चार तास यंत्र तिचं रक्त काढून घेतं,
धुतं, परत देतं.
तिला आता अक्षरं नीट दिसत नाहीत.
तिची प्रत घर बदलताना कुठे गेली कोण जाणे.
म्हणाली, आरोसकर आण, वाचून दाखव.
म्हटलं, दुसरं काहीही सांग.
म्हणाली, बरं. मग राहू दे.
म्हणजे आणावंच लागलं.

गिरगावातल्या आमच्या वाचनालयात
सापळे अजून आहेत, दात तेवढे नवे.
त्यांनी कार्ड काढलं. शेवटची तारीख पंच्याऐंशीची.
तुम्हीच नेलं होतंत, म्हणाले,
आणि दंडाच्या साडेचार रुपयांवर बोट ठेवलं.
मी पाच दिले. ते कितीतरी वेळ
खणात आठ आणे शोधत राहिले.

लालबागच्या पुलाखाली टॅक्सी अडकली तेव्हा उघडलं.
पाचवं पान, समासात शिसपेन्सिल: पुढे काय?
नववं पान: पुढे काय??
चौदावं: अरे देवा.
अक्षर माझंच. तेव्हा मी उकारांना
लांब शेपट्या काढायचे.

वाचायला लागले, जरा नाटकी आवाजात, तिला चिडवायला.
बाई उठते. पडदा काढते.
कड्या मोजते. अकरा हव्यात, दहा भरतात.
ती अकरावी शोधत नाही.
जिथे कडी नाही तिथे पडदा थोडा लोंबतो,
त्या फटीतून सकाळी ऊन नेमकं
नवऱ्याच्या रिकाम्या उशीवर येतं,
म्हणून.

मी थांबले.
हे वाक्य तेव्हा होतं इथे?
मधल्या काळात कोणी आणून ठेवलं?
आवाज आपोआप उतरला.
कुमुदनं डोळे उघडले नाहीत, शहाणी आहे.

मग डॉक्टर आले, कागद पाहिला,
म्हणाले, विशेष काही नाही. आहे तसंच आहे.
आम्ही दोघी अशा हसलो
की पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना वाटलं
पेढे येणार.

सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही, हेही सांगते.
उत्साहाच्या भरात मी आणखी दोघांना घरी आणलं.
एक कादंबरीकार होते तस्सेच,
दर तीन पानांनी खुर्ची ओढून उपदेश.
तिसऱ्या दिवशी पोचवून आले.
एक कवयित्री उशाशी आहेत,
अजून आमचं बोलणं झालेलं नाही.

आणि आरोसकरांचंही सगळंच पटतं असं नाही.
घरी चोरून पुढचं वाचलं,
साठाव्या पानावर चंद्राला दिलेली ती उपमा
आजही भयंकर आहे. कुमुदला तसं सांगितलं.
म्हणाली, ती मलाही कधी आवडली नाही.
चाळीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कळतंय.

तिला दर वेळी पहिल्या पानापासून हवं असतं.
मध्येच डुलकी लागते, मग पुन्हा मागे जायचं.
परत करायची तारीख केव्हाच उलटली.
सापळ्यांचा फोन येऊन गेला.
त्यांना सांगितलं, दंड लावत राहा,
आमचा पडदा अजून वाळायचा आहे.